इंग्रजी नाम, त्यापुढचे प्रीपोझिशन आणि आयएनजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोहण्याची आवड, पोहण्याची भीती, पोहण्याचे कारण, पोहण्याचा निर्णय. मराठीत चारही ठिकाणी 'पोहण्या'ला षष्ठीचा प्रत्यय लावला की काम झाले. इंग्रजीत त्याच चार गोष्टी 'इंटरेस्ट इन स्विमिंग', 'फिअर ऑफ स्विमिंग', 'रीझन फॉर स्विमिंग' आणि 'डिसिजन टू स्विम' अशा होतात. चार नामे, चार वाटा. आपल्या इंग्रजीत या जागी होणाऱ्या बऱ्याचशा चुकांचे मूळ इथे आहे: डोक्यात '-ण्याचा' असतो आणि हात आपोआप 'ऑफ' लिहून मोकळा होतो.

खाली इंग्रजी उदाहरणे देवनागरीत दिली आहेत. 'ऑफ' म्हणजे सगळीकडे चा-ची-चे वाला 'ऑफ'. दिवा बंद करण्याचा 'ऑफ' या पानावर नाही. 'प्रीपोझिशन' म्हणजे इन, ऑफ, फॉर असे जोडणारे शब्द, 'आयएनजी' म्हणजे शेवटी 'इंग' असलेले क्रियापदाचे रूप आणि 'व्ही-वन' म्हणजे मूळ रूप.

प्रीपोझिशननंतर क्रियापदाला आयएनजीच का?

मराठीतही हेच घडते, फक्त रोजचे असल्यामुळे लक्षात येत नाही. 'साठी', 'बद्दल', 'शिवाय', 'मुळे' ही शब्दयोगी अव्यये क्रियापदाला थेट चिकटत नाहीत. आधी 'करणे' हे धातुसाधित नाम होते, त्याचे सामान्यरूप 'करण्या' होते आणि मग 'करण्यासाठी', 'करण्याबद्दल' तयार होते. 'करतो-साठी' असे लहान मूलही म्हणत नाही. अव्ययाला जोडायला नाम लागते, आणि इंग्रजीत क्रियापदाचे नाम करायचे काम आयएनजी करतो.

म्हणून ऑफ, इन, फॉर, ऑन, ॲट, अबाउट, फ्रॉम, बाय, विदाउट यांच्यानंतर क्रियापद आले की डोळे मिटून आयएनजी लावावा. 'विदाउट टू आस्क' चूक, 'विदाउट आस्किंग' बरोबर. वेगळा वागतो तो 'बट': 'नो चॉइस बट टू गो'. त्रास देणारा खरा गडी एकच, 'टू'.

'टू'नंतर कधी व्ही-वन, कधी आयएनजी. ओळखायचे कसे?

कारण 'टू' दोन आहेत. एक क्रियापदाच्या आधी नुसता लागणारा, दुसरा 'ला', 'कडे' अशा अर्थाचा खरा प्रीपोझिशन. दुसऱ्यानंतर आयएनजी येतो.

पारख सोपी आहे. क्रियापद काढून त्या जागी 'इट' ठेवून बघा. 'ऑब्जेक्शन टू इट' चालते, म्हणून 'ऑब्जेक्शन टू मूव्हिंग द ऑफिस'. 'डिसिजन टू इट' चालत नाही, म्हणून 'डिसिजन टू मूव्ह द ऑफिस'. या पारखीने पुढची नामे आयएनजीच्या बाजूला पडतात: ऑब्जेक्शन, ऑपोझिशन, रेझिस्टन्स, ॲडिक्शन, अव्हर्जन, अप्रोच, ऑल्टरनेटिव्ह, ऑब्स्टॅकल, डेडिकेशन, आणि 'रहस्य, गुरुकिल्ली' या अर्थाचे 'की'. 'द की टू पासिंग द एक्झाम' असेच हवे. स्पर्धा परीक्षांचा लाडका 'विथ अ व्ह्यू टू'सुद्धा इथलाच: 'विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्हिंग', 'इम्प्रूव्ह' नव्हे.

ही पारख एका ठिकाणी फसते. 'राइट टू इन्फर्मेशन' हा कायदा 2005 चा, 'राइट टू एज्युकेशन' 2009 चा. दोन्ही नावांत 'टू'पुढे नाम आहे, म्हणजे 'इट' सहज बसते. म्हणून क्रियापदालाही आयएनजी लागेल असे वाटते, पण 'राइट टू व्होट' हेच बरोबर. 'राइट टू व्होटिंग' नाही. 'इन्व्हिटेशन'चेही तसेच: 'इन्व्हिटेशन टू द वेडिंग', पण 'इन्व्हिटेशन टू स्पीक'. 'कमिटमेंट' दोन्ही बाजूंनी चालते, त्यात डोके घालू नये.

कोणत्या नामांपुढे आयएनजी चालतच नाही?

डिसिजन, रिफ्यूजल, प्रॉमिस, ऑफर, फेल्युअर, टेंडन्सी, ॲबिलिटी, विलिंगनेस, परमिशन, नीड, डिझायर, एफर्ट. यांच्यापुढे क्रियापद येताना 'टू' आणि व्ही-वन. 'परमिशन ऑफ लीव्हिंग अर्ली' हे 'लवकर जाण्याची परवानगी'चे शब्दशः भाषांतर आहे. इंग्रजीत 'परमिशन टू लीव्ह अर्ली'.

हे पाठ करण्यापेक्षा नामाचे घराणे बघावे. ते नाम ज्या क्रियापदापासून किंवा विशेषणापासून आले त्याला 'टू' लागत असेल, तर नामालाही बहुधा तोच लागतो. 'डिसाइड टू गो', म्हणून 'डिसिजन टू गो'. 'फेल टू पे', म्हणून वकिली नोटिशीतले 'फेल्युअर टू पे'. 'एबल टू रीड', म्हणून 'ॲबिलिटी टू रीड'.

घराण्याबाहेर गेलेली दोन नावे मात्र लक्षात ठेवा. 'होप टू विन' हे क्रियापद, पण नाम आले की 'होप ऑफ विनिंग'. 'इंटेंड टू रिझाइन', पण 'नो इंटेन्शन ऑफ रिझाइनिंग'. 'इंटेन्शन टू' चुकीचे नाही. मात्र आधी 'नो' असेल तेव्हा 'ऑफ'वाले रूप जास्त सरावाचे आहे.

'भेटण्यासाठी आलो' याचे 'फॉर मीटिंग यू' का चुकते? 'साठी' म्हणजे 'फॉर'च ना?

'साठी'ची दोन कामे वेगळी करा. वस्तू कशाच्या उपयोगाची आहे हे सांगायचे असेल तर 'फॉर' आणि आयएनजी: 'अ नाइफ फॉर कटिंग व्हेजिटेबल्स', 'अ क्लॉथ फॉर वायपिंग द टेबल'. माणसाने एखादी गोष्ट कोणत्या हेतूने केली हे सांगायचे असेल तर 'टू' आणि व्ही-वन: 'आय केम टू मीट यू', 'शी वेंट टू पुणे टू स्टडी'. या दुसऱ्या जागी 'फॉर स्टडीइंग' ऐकू आले की बोलणारा मनात 'शिकण्यासाठी' म्हणाला हे कळते.

आणखी एक 'फॉर' आहे, तो '-साठी'चा नाहीच. पुढचा प्रश्न पहा.

माफी, आभार, दंड यांच्यापुढे काय?

इथे मराठी माणसाला फुकटात मदत मिळते. मराठीत जिथे '-ल्याबद्दल' येते, तिथे इंग्रजीत 'फॉर' आणि आयएनजी. उशीर झाल्याबद्दल माफी: 'ॲपॉलॉजी फॉर बीइंग लेट'. मदत केल्याबद्दल आभार: 'थँक्स फॉर हेल्पिंग'. विनातिकीट प्रवास केल्याबद्दल दंड: 'फाइन फॉर ट्रॅव्हलिंग विदाउट अ टिकट'. शिक्षा, श्रेय, बक्षीस, सबब या अर्थाची नामे, म्हणजे पनिशमेंट, क्रेडिट, रिवॉर्ड, एक्सक्यूज, सगळी याच रांगेत.

मराठीतले '-ल्या' भूतकाळी दिसते म्हणून 'फॉर हॅविंग हेल्प्ड' लिहावेसे वाटते. चूक नाही, पण गरजही नसते. नकार असेल तर 'नॉट' आयएनजीच्या आधी: 'फॉर नॉट इन्फॉर्मिंग'. 'फॉर डोंट इन्फॉर्म' किंवा 'फॉर नॉट टू इन्फॉर्म' असे काही नसते.

आणि 'जाणे' लावून केलेले कर्मणी रूप विसरू नका. पकडले जाण्याची भीती म्हणजे 'फिअर ऑफ बीइंग कॉट'. यातला 'बीइंग' गाळून 'फिअर ऑफ कॅचिंग' लिहिले की पुढे 'अ कोल्ड' येईल असे वाटते, म्हणजे सर्दी होण्याची भीती.

'रीझन ऑफ' की 'रीझन फॉर'? आणि 'कॉज'?

'रीझन फॉर', नेहमी. नोकरीच्या अर्जात आधीच्या नोकऱ्यांच्या तक्त्यातला शेवटचा रकाना आठवा: 'रीझन फॉर लीव्हिंग'. तेवढा एक रकाना डोळ्यांसमोर ठेवला तर 'रीझन ऑफ' पुन्हा लिहिला जाणार नाही.

'कॉज' उलटा: 'द कॉज ऑफ द ॲक्सिडेंट'. ज्याने घटना घडवली तो 'कॉज', ज्यासाठी माणसाने काही केले तो 'रीझन'. ब्रेक निकामी होणे हा अपघाताचा 'कॉज'; गाडी वेगात चालवायला चालकाकडे 'रीझन' असू शकतो. 'कॉज फॉर' येतो तो 'कॉज फॉर कन्सर्न'सारख्या ठिकाणी, काळजी करण्याजोगे काही या अर्थाने.

'रीझन टू लीव्ह'ही बरोबर आहे, पण अर्थ सरकतो. 'रीझन फॉर लीव्हिंग' म्हणजे सोडली त्याचे कारण. 'आय हॅव नो रीझन टू लीव्ह' म्हणजे सोडावी असे काही कारणच नाही. पहिल्यात नोकरी गेलेली आहे, दुसऱ्यात अजून आहे.

'चान्स ऑफ प्लेइंग' आणि 'चान्स टू प्ले' यांत फरक आहे का?

आहे, आणि तो मराठीत दोन वेगळ्या शब्दांनी सांगावा लागतो. 'चान्स ऑफ' म्हणजे शक्यता, 'चान्स टू' म्हणजे संधी. क्रिकेट संघातल्या बाराव्या खेळाडूबद्दल 'ही हॅज अ गुड चान्स ऑफ प्लेइंग टुमॉरो' म्हटले तर उद्या त्याला घेण्याची शक्यता बरीच आहे. 'ही गॉट अ चान्स टू प्ले' म्हटले तर कोणीतरी जायबंदी झाला आणि हा मैदानात उतरला.

'पॉसिबिलिटी', 'रिस्क', 'डेंजर' यांना फक्त 'ऑफ' लागतो, कारण त्यांत संधीचा अर्थच नाही. 'ऑपर्च्युनिटी'ला सहसा 'टू'. 'वे'ला दोन्ही चालतात आणि रोजच्या बोलण्यात फरक नगण्य: 'द बेस्ट वे टू कुक राइस', 'धिस वे ऑफ कुकिंग राइस'. 'धिस', 'हिज', 'अवर' असे शब्द आधी आले तर 'ऑफ' अधिक बरे वाटते. 'मेथड'नंतर 'ऑफ' किंवा 'फॉर', दोन्हीपुढे आयएनजी.

'डिफिकल्टी टू फाइंड' का चुकीचे आहे? 'डिफिकल्ट टू फाइंड' तर बरोबर आहे.

विशेषण आणि नाम यांचा संसार वेगळा असतो. 'द हाउस इज डिफिकल्ट टू फाइंड' यात 'डिफिकल्ट' विशेषण आहे. नाम आले की 'आय हॅड डिफिकल्टी इन फाइंडिंग द हाउस', किंवा 'इन' गाळून 'डिफिकल्टी फाइंडिंग'. बोलताना 'इन' बहुतेक वेळा गळतोच.

'ट्रबल' आणि 'प्रॉब्लेम' यांच्याआधी 'हॅव' असताना त्यांच्यानंतर काहीच लावत नाहीत: 'वी हॅड नो ट्रबल फाइंडिंग पार्किंग'. असा थेट आयएनजी घेणारे आणखी काही: 'हॅड फन प्लेइंग', 'स्पेंट टू अवर्स वेटिंग', 'इट्स नो यूज कम्प्लेनिंग'. 'नो पॉइंट'नंतर 'इन' ठेवला काय, गाळला काय, सारखेच. 'नो हार्म'नंतर मात्र 'इन' ठेवावा: 'नो हार्म इन आस्किंग'.

बायोडेटात 'एक्स्पीरिअन्स'नंतर काय लिहायचे?

क्षेत्र किंवा काम सांगायचे तर 'इन': 'एक्स्पीरिअन्स इन अकाउंटिंग', 'इन हँडलिंग कस्टमर कम्प्लेंट्स'. साधन, सॉफ्टवेअर किंवा माणसांचा गट सांगायचा तर 'विथ': 'एक्स्पीरिअन्स विथ टॅली', 'विथ यंग चिल्ड्रन'. जे स्वतः भोगले, अनुभवले ते 'ऑफ': 'एक्स्पीरिअन्स ऑफ लिव्हिंग अलोन'. ब्रिटिश इंग्रजीत कामासाठीही 'ऑफ वर्किंग' लिहितात, तेव्हा ते चूक म्हणून खोडू नका. पण 'फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरिअन्स ऑफ वर्किंग' अशी 'ऑफ'ची माळ झाली की दुसऱ्या जागी 'इन' करा.

याच ओळीत आणखी दोन गोष्टी बिघडतात. एक, 'एक्स्पीरिअन्सेस' असे अनेकवचन. त्याचा अर्थ 'आलेले प्रसंग' असा होतो. कामाचा अनुभव एकवचनातच आणि 'ॲन' न लावता. दोन, वरचा स्वल्प. 'फाइव्ह इयर्स एक्स्पीरिअन्स' लिहिले तर 'इयर्स'च्या एसनंतर ॲपॉस्ट्रॉफी हवी. 'फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरिअन्स' लिहिले तर नको.

शेजारची नामे: 'नॉलेज'ला 'ऑफ' ('नॉलेज इन टॅली' नव्हे), 'ट्रेनिंग'ला 'इन', 'डिग्री'ला 'इन'. गंमत अशी की पदवीच्या नावात 'बॅचलर ऑफ कॉमर्स' असतो आणि ती पदवी मात्र 'डिग्री इन कॉमर्स' असते. 'बॅचलर इन कॉमर्स' लिहिणारे 'डिग्री'चा प्रीपोझिशन 'बॅचलर'ला लावत असतात.

'डिस्कस अबाउट' चूक, मग 'डिस्कशन अबाउट' बरोबर कसे?

भारतीय इंग्रजीतल्या बऱ्याच नामांकित चुकांचे उत्तर या एका प्रश्नात आहे. काही क्रियापदे थेट कर्म घेतात, पण त्यांचेच नाम झाले की मध्ये प्रीपोझिशन लागतो. आपण नामाचा प्रीपोझिशन उचलून क्रियापदाला लावतो आणि फसतो.

'डिस्कस द बजेट', पण 'अ डिस्कशन अबाउट द बजेट'. 'रिक्वेस्ट लीव्ह', पण 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. 'डिमांड ॲन ॲपॉलॉजी', पण 'अ डिमांड फॉर'. 'एम्फसाइझ क्वालिटी', पण 'एम्फसिस ऑन क्वालिटी'; 'स्ट्रेस'चेही तसेच. 'आन्सर द क्वेश्चन', पण 'द आन्सर टू द क्वेश्चन'. 'व्हिजिट रायगड', पण 'अ व्हिजिट टू रायगड'. 'कॉन्टॅक्ट द बँक', पण 'इन कॉन्टॅक्ट विथ द बँक'. 'अप्रोच द प्रॉब्लेम', पण 'ॲन अप्रोच टू सॉल्व्हिंग द प्रॉब्लेम'. 'इन्फ्लुएन्स', 'अटॅक' यांच्या नामांना 'ऑन'. 'लॅक एक्स्पीरिअन्स', पण 'लॅक ऑफ एक्स्पीरिअन्स'.

यातले 'लॅक', 'रिक्वेस्ट', 'आन्सर', 'व्हिजिट' हे शब्द नाम आणि क्रियापद म्हणून सारखेच दिसतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. आधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' असे काही आहे का ते पाहा. असेल तर ते नाम आहे आणि प्रीपोझिशन हवा. 'आय रिक्वेस्ट' यात नाही, 'माय रिक्वेस्ट' यात आहे.

विशेषणाचा प्रीपोझिशन नामाला तसाच चालतो का?

बऱ्याचदा: 'इंटरेस्टेड इन' आणि 'इंटरेस्ट इन', 'रिस्पॉन्सिबल फॉर' आणि 'रिस्पॉन्सिबिलिटी फॉर'. पण 'प्राउड ऑफ'चे नाम 'प्राइड इन', 'फाँड ऑफ'चे 'फाँडनेस फॉर', 'सिम्पथेटिक टू'चे 'सिम्पथी फॉर'. 'केपेबल ऑफ डूइंग'चे 'कपॅसिटी फॉर डूइंग' किंवा 'कपॅसिटी टू डू'. ही चार जोड्यांची गाठ पाठच करावी लागते.

'डिले इन' की 'डिले ऑफ'?

कशात उशीर झाला ते 'इन', किती उशीर झाला ते 'ऑफ'. 'अ डिले ऑफ टू डेज इन सबमिटिंग द फॉर्म' या एका वाक्यात दोघेही आपापल्या जागी आहेत.

वाढ-घट दाखवणाऱ्या सगळ्या नामांना हेच सूत्र लागू पडते, फक्त 'टू' वाढतो. सोसायटीचे महिन्याचे शुल्क 2000 रुपयांवरून 2300 झाले, तर 'ॲन इन्क्रीज इन द चार्जेस', 'ॲन इन्क्रीज ऑफ 300 रुपीज' किंवा 'ॲन इन्क्रीज ऑफ 15 पर्सेंट', आणि 'ॲन इन्क्रीज टू 2300'. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात 'इन्क्रीज ऑफ 2300' असे छापले गेले, तर वाचणाऱ्याला शुल्क 4300 झाले असे कळेल आणि पुढच्या सभेचा अर्धा तास त्यातच जाईल. राइज, फॉल, डिक्रीज, रिडक्शन, ड्रॉप यांचेही असेच.

'द रीडिंग बुक्स', 'रीडिंग ऑफ बुक्स', 'रीडिंग बुक्स': बरोबर कोणते?

'रीडिंग बुक्स' म्हणजे 'पुस्तके वाचणे'. 'द रीडिंग ऑफ बुक्स' म्हणजे 'पुस्तकांचे वाचन'. मराठीत जसे 'पुस्तकांचे वाचणे' आणि 'पुस्तके वाचन' दोन्ही अडखळतात, तसेच इंग्रजीतही अर्धे इकडचे अर्धे तिकडचे चालत नाही. 'द' आला तर 'ऑफ'ही यायला हवा, 'द' नसेल तर 'ऑफ'ही सहसा नको. म्हणून 'इंटरेस्ट इन रीडिंग बुक्स' लिहा. 'इन रीडिंग ऑफ बुक्स' नको. 'द'-'ऑफ'ची जोडी सरकारी, तांत्रिक किंवा औपचारिक मजकुरात शोभते: 'द बिल्डिंग ऑफ द डॅम'.

'ड्रिंकिंग वॉटर'मध्ये प्रीपोझिशन कुठे गेला?

पोटात गेला. 'वॉटर फॉर ड्रिंकिंग'चे आटून 'ड्रिंकिंग वॉटर' झाले. वॉशिंग मशीन, वेटिंग रूम, डायनिंग टेबल, बोर्डिंग पास, ड्रायव्हिंग लायसन्स हे सगळे असेच आटलेले शब्द आहेत, आणि मराठी घरांत ते इतके रुळलेत की त्यांचे व्याकरण कोणी पाहत नाही. 'लायसन्स ऑफ ड्रायव्हिंग' असे उलगडू नका. उलगडायचेच तर 'लायसन्स टू ड्राइव्ह'.

पण नामाआधीचा प्रत्येक आयएनजी या जातीचा नसतो. 'रनिंग वॉटर' म्हणजे धावण्यासाठीचे पाणी नव्हे, वाहते पाणी. मराठीत उलगडून पाहा: 'ण्याचा' किंवा 'ण्यासाठी' बसले तर पहिली जात, 'णारा', 'ता' किंवा 'लेला' बसले तर दुसरी. 'स्लीपिंग पिल' झोपण्यासाठीची गोळी. 'स्लीपिंग चाइल्ड' झोपलेले मूल. 'बॉइलिंग पॉइंट' उकळण्याचा बिंदू. 'बॉइलिंग वॉटर' उकळते पाणी.

उच्चारातही फरक आहे. पहिल्या जातीत जोर पहिल्या शब्दावर पडतो, '*ड्रिंकिंग* वॉटर'. दुसऱ्या जातीत जोर नामावर, 'रनिंग *वॉटर*'. 'डान्सिंग टीचर' या जोडीचा अर्थ फक्त जोरावर ठरतो: पहिल्या शब्दावर जोर दिला तर नृत्य शिकवणाऱ्या बाई, दुसऱ्यावर दिला तर नाचणाऱ्या बाई, मग त्या गणित का शिकवत असेनात.

नाम पुढे आणि आयएनजी मागे अशी उलटी जोडीही होते: 'वॉचिंग बर्ड्स'चे 'बर्डवॉचिंग'. पुढे गेलेले नाम सहसा एकवचनी होते, मूळ अर्थ कितीही पक्ष्यांचा असो. आपल्या 'पक्षिनिरीक्षणा'तला पक्षीही एकटाच आहे. 'रेनवॉटर हार्वेस्टिंग' या साच्यातले.

'ऑब्जेक्शन टू मी लीव्हिंग' की 'टू माय लीव्हिंग'?

औपचारिक लेखनात 'माय', बोलताना 'मी'. मराठी कान 'माझ्या जाण्याला हरकत' असे षष्ठीत ऐकतो, त्यामुळे आपल्याला 'माय' सोपे जाते. हेन्री फाउलर यांनी 1926 च्या आपल्या कोशात 'मी लीव्हिंग'सारख्या रचनेवर कडक टीका केली. डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी त्यांना विरोध केला. आज दोन्ही रूढ आहेत. निर्जीव वस्तू किंवा लांबलचक नाम असेल तर षष्ठी लावूच नये: 'द चान्स ऑफ द ट्रेन बीइंग लेट'. इथे 'ट्रेन्स' केले तर वाक्य ताठरते.

हे शब्दकोशात कसे शोधायचे?

इंग्रजी-मराठी कोशात नाही. तिथे अर्थ मिळेल, जोडणी मिळणार नाही. शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. कोणत्या शब्दापुढे कोणती रचना येते हेच परकीय विद्यार्थ्याला अडते हे हेरून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला, 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढला आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही निघतात. त्यात नामाच्या नोंदीखाली ठळक अक्षरांत 'ऑफ डूइंग समथिंग' किंवा 'टू डू समथिंग' असे साचे दिलेले असतात. अर्थ वाचून पान मिटू नका, त्या ठळक ओळीपर्यंत जा.

दोन रचनांत शंका असेल तर गूगलच्या एनग्रॅम व्ह्यूअरमध्ये दोन्ही स्वल्पविरामाने वेगळ्या करून टाका. छापील पुस्तकांत कोणती किती वेळा आली याच्या रेघा दिसतात. एका रचनेत जास्तीत जास्त पाच शब्द बसतात. साध्या शोधात दिसणाऱ्या निकालांच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. चुकीची रचनाही जगभर लाखोंनी लिहिली जाते.

वहीत नोंद करताना 'फिअर: भीती' असे लिहू नका. 'फिअर ऑफ फॉलिंग: पडण्याची भीती' असा तीन शब्दांचा तुकडा लिहा. रोज पाच तुकडे पुरे. एकाच प्रीपोझिशनची नामे एका पानावर आणि 'टू' अधिक आयएनजीची नामे वेगळ्या रंगात, म्हणजे ती लवकर डोळ्यांत भरतात.

मेल लिहिताना प्रीपोझिशन आठवलाच नाही तर?

नाम सोडा, क्रियापद धरा. 'वी हॅव टेकन द डिसिजन ऑफ मेकिंग पोस्टपोनमेंट ऑफ द मीटिंग' या अकरा शब्दांत दोन 'ऑफ' आहेत. त्यातला पहिला चुकीचा आहे आणि दुसरा केवळ 'पोस्टपोनमेंट' हे नाम घेतल्यामुळे आला. 'वी हॅव डिसायडेड टू पोस्टपोन द मीटिंग' सात शब्दांत संपते आणि चुकायला जागा उरत नाही. 'गिव्ह परमिशन फॉर'ऐवजी 'अलाउ', 'हॅव अ डिस्कशन अबाउट'ऐवजी 'डिस्कस', 'मेक अ रिक्वेस्ट फॉर'ऐवजी 'आस्क फॉर'.

विषयाच्या ओळीत ही सोय नसते, कारण तिथे नामच लागते. तेवढ्यासाठी चार ओळी तोंडपाठ असू द्या: 'रिक्वेस्ट फॉर लीव्ह', 'डिले इन पेमेंट', 'ॲपॉलॉजी फॉर नॉट अटेंडिंग', 'परमिशन टू यूज द हॉल'.